गंगूची आकडी

टेपावरच्या वाडीतला माणूस एक वेळ पायातली चप्पल विसरेल, पण कमरेचा कोयता विसरणार नाही. सकाळी उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि आधी आकडी बांधायची. आकडी म्हणजे लाकडाचा वीतभर तुकडा. त्याच्या खाचेत कोयता अडकवायचा आणि दोरीनं पाठीमागं कमरेवर आवळायचा. मग सरपण तोडायला, भाताच्या राबासाठी जाळायच्या फांद्या खोडायला, जाळीतून वाट काढायला हात नुसता मागं गेला की कोयता हातात. बायका सहसा आकडी बांधत नसत. गंगू बांधायची. लग्न होऊन आली तेव्हा जावा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हसू द्यात, म्हणाली. नऊवारीचा काष्टा घातला की त्यावर आकडी आणि आकडीवरून पदर, हा तिचा शिरस्ता पन्नाशी उलटली तरी मोडला नव्हता. आंघोळीला आणि निजताना काय ती सोडायची, तेवढंच.

या एवढ्याशा सवयीनं पुढं काय घडवलं ते सांगायचं, तर आधी वाटेचं सांगायला हवं.

वाडी मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यावर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या टेपावर. खाली भातखाचरं आणि खाचरांच्या मधेमधे पुण्याच्या लोकांची फार्महाऊसं, ज्यांत माणसं शनिवारी उगवतात आणि रविवारी मावळतात. वाडीला सरकारी नळ होता. म्हणजे नळ होता, पाणी नव्हतं. पाणी होतं ते उतरणीवरच्या झऱ्याला, बारमाही, आणि तिथं जायची वाट आज्या-पणज्यांच्या पायांनी पडलेली. ती उतरण कुणा शेठनं विकत घेतली. शेठ वाडीनं कधी पाहिला नाही. वाडीला दिसला तो भिवाजी. भिवाजी माण गावचा. त्याच्या बापाच्या जमिनीवर आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. भिवाजी खोल्या भाड्यानं देतो, गळ्यात जाड साखळी घालतो आणि ज्यांना स्वतःचे हात घाण करायचे नसतात त्यांची कामं अंगावर घेतो. तो लहान असताना गंगूनं त्याच्या दारात करवंदं विकली होती. बाळ आहे म्हणून त्याच्या द्रोणात वरून जास्तीची मूठ टाकली होती. त्याच बाळानं ऐन चैत्रात सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढली आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं.

गंगूचा नवरा कोंडीबा पक्कड घेऊन तार तोडायला गेला. एकटाच गेला, कारण तो कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हताच. गंगू रिकामा हंडा घेऊन मागून चालली होती, म्हणून तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. फाटकाआडून भिवाजी आणि त्याची माणसं आली. एकानं कोंडीबाच्या मुस्काटात मारली, दुसऱ्यानं हात मागं धरले आणि भिवाजीनं लोखंडी गज नडगीवर घातला. पहिल्या घावालाच पाय मोडला. तो आवाज गंगूला तेवढ्या लांबूनही ऐकू आला. भिवाजीनं तरी पुन्हा घातला, त्याच जागी. कोंडीबा ओरडला नाही, ओकला. मग त्यांनी त्याला उचलून वाडीच्या अंगाला फेकला.

"मावशे, उचल तुझा म्हातारा," भिवाजी म्हणाला. "पुन्यांदा आला तर दुसरा पाय हायच."

गंगूचा हात मागं गेला होता. कोयता आकडीतून अर्धा बाहेर आला होता. तेवढ्यात तिला कोंडीबाचं हाड दिसलं, कातडीबाहेर आलेलं, आणि तिनं कोयता सोडून लुगड्याचा पदर फाडला. त्या वेळी तिनं भिवाजीला सोडलं ते काही दयामाया म्हणून नाही. हात दोनच होते आणि रक्त थांबवायचं होतं.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, ती अशी की वाचणाऱ्याला वाटावं कोंडीबा आपणच गजावर जाऊन पडला.

दवाखान्यातून कोंडीबा घरी आला तेव्हा त्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याच दिवशी त्यांचा मुलगा सुधीर आला. एकुलता एक. माणला एका कंपनीच्या फाटकावर निळा शर्ट घालून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करायचा. बापाकडे त्यानं एकदाच बघितलं. मग बाहेर येऊन ओट्यावर बसला, दगडावर पाणी शिंपडलं आणि स्वतःचा कोयता घासायला लागला. तो झाल्यावर, दवाखान्याच्या धावपळीत खुंटीवरच राहिलेला आईचा कोयता काढला आणि त्यालाही धार लावली. हातांना काहीतरी काम हवं होतं त्याच्या.

"काय करतुयास?" गंगूनं विचारलं.

"दिसतंय की."

"कुनासाठी?"

"भिवाजी सांजचा घोटावड्याच्या फाट्याव च्या प्यायला थांबतो. येकटाच असतुया."

"मग?"

"मग काय? त्येनं पाय मोडला, मी मुंडकं उडवतो."

"अन् मग?"

"मग जेल. हितं कुटं सोन्याची कौलं हायेत माझ्या घराव?"

गंगू त्याच्यासमोर बसली. हाच हात धरून तिनं त्याला पहिल्यांदा त्या झऱ्यावर नेला होता. आता त्या हातावरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि तिला भीती वाटली. भिवाजीची नाही, या हाताची. हा पोरगा बोलल्यासारखं करून दाखवणारा आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"सुध्या, मला भिवाजीचं मढं नगं," ती म्हणाली. "मला वाट पायजे. मढं पडलं तर वाटबी गेली अन् तूबी गेलास. मी मग हंडा कुनाच्या नावानं भरू?"

दगडावर कोयता फिरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपा वर आली. खालच्या गावातल्या गेणबाची ही लेक, पौडला वकिली करते. वाडीचा वाटेचा अर्ज तिनंच तहसीलदारांकडे लावला होता. कोंडीबाच्या खाटेभोवती सगळी वाडी जमली.

"तहसीलदार वाटेची पाहणी करायला स्वतः येणार आहेत," धम्मदीपा म्हणाली. "पण त्याआधी भिवाजी उद्या जेसीबी आणतोय. वाट उकरून टाकली की दाखवायला काय उरणार? तेव्हा वाटेवर बसायचं. साहेब येईपर्यंत उठायचं नाही. मार पडला तर खायचा."

"मार खायाला वकील कशाला पायजे?" कोंडीबा खाटेवरून म्हणाला. "त्यो आमाला आपसूक येतुया."

लोक हसले. धम्मदीपाही हसली, पण मागं हटली नाही.

"काका, तुमच्यातल्या एकानं जरी कोयता उगारला ना, तर भिवाजीची केस संपली आणि तुमची सुरू झाली. कोयता गँगपायी हल्ली पुण्यात कोयता म्हटलं की पोलिसांना पुढचं काही ऐकू येत नाही. आणि नुसती केसची गोष्ट नाही. माझे पणजोबा महाडला होते, चवदार तळ्यावर. पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. पणजोबा पलटणीतला माणूस, हातात काठी होती, दोघांना सहज लोळवलं असतं. पण बाबासाहेबांचं सांगणं होतं, हात उचलायचा नाही. डोकं फोडून घेतलं त्यांनी. मरेपर्यंत सांगायचे, मी मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होतो, अन् नजर त्यानं खाली घातली, मी नाही."

"तुझा पणजा थोरच," कोंडीबा म्हणाला. "पर माझा आजाबी धरणाच्या चरात आडवा झालता, मुळशीच्या सत्याग्रहात. लाथा खाल्ल्या, जेल भोगली. काय झालं? धरण झालंच की! गाव पाण्यात गेलं म्हनून तर आमी ह्या टेपाव."

वाडीचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. धम्मदीपानं मान खाली घातली. बोलली ती गंगू.

"त्या सत्याग्रहात शेवटाला हत्यारंबी निघालीच हुती की. तूच सांगतुयास. त्येनं थांबलं का धरण?"

कोंडीबानं तोंड भिंतीकडे केलं. "न्हाई."

"मग दोनी करून बघितलं म्हनायचं लोकांनी. आपन ज्यात पोरगं फासाव जात न्हाई, ते पुन्यांदा करून बघू."

संध्याकाळी गंगू घरोघर कोयते गोळा करत फिरली. वाडीत माणसाकडं कोयता मागणं म्हणजे अंगावरचं धोतर मागण्यासारखं. कुणी कुरकुरलं, कुणी शिव्या दिल्या, पण गंगूला नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती. सगळे कोयते तिनं आपल्या घरातल्या भाताच्या रिकाम्या कणगीत टाकले. शेवटी सुधीरसमोर हात पसरला. त्यानं तिच्याकडं बघितलं, कोयत्याकडं बघितलं आणि तो तिच्या हातावर असा आदळला की तिचा हात खाली गेला.

"उद्या तुला कुनी हात लावला तर?"

"लावू दे. तू बसून ऱ्हायाचं. माझी आन हाय."

वाडीत आता एकही कोयता बाहेर नाही, या समाधानात गंगू झोपली. तिनं गोळा केले ते दुसऱ्यांचे. तिचा स्वतःचा दाराजवळ खुंटीवर होता, रोजच्यासारखा. सकाळी उठली, तोंडावर पाणी मारलं, काष्टा घातला आणि हातांनी आपलं रोजचं काम केलं. आकडी बांधली, पदर घेतला आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पाठीला टेकलेलं लोखंड तिला जाणवलं नाही, कारण ते नसतं तरच जाणवलं असतं.

फाटकाच्या अलीकडं वाटेवर सगळे बसले. पुढं गंगू, तिच्या पाठीशी सुधीर, मग शेजारची तरणी पोर राणी आणि बाकीच्या बायका, मग पुरुष. रिकाम्या हंड्यांची रांग कडेला. धम्मदीपा बाजूच्या बांधावर मोबाइलवर चित्रण करत उभी राहिली. ऊन चढलं आणि जेसीबी आला. त्याच्या मागं दोन जीपगाड्या भरून माणसं. भिवाजीनं हॉकीची काठी आणली होती.

"उठा," तो म्हणाला.

कुणी उठलं नाही.

"मावशे, लेकरांबाळांची बाई हायेस. उठ म्हनतो."

"वाट खोल, उठते," गंगू म्हणाली.

पहिली काठी राणीच्या तोंडावर बसली. ती गंगूवर न बसता मागच्या पोरीवर बसली, कारण भिवाजीच्या माणसांनाही म्हातारीपासून सुरुवात करायचा धीर झाला नाही. राणीचे पुढचे दात गेले. तिनं ते थुंकले, रक्ताच्या लाळेसकट, आणि होती तिथंच बसून राहिली. मग मात्र काठ्या पावसासारख्या पडू लागल्या. डोक्यावर, खांद्यावर, आडव्या धरलेल्या हातांवर. एकाचा कान फाटून लोंबला. एका बाईला केसांना धरून फरफटत नेलं आणि तारेवर ढकललं. तारेत तिचं लुगडं आणि दंडाचं मांस अडकलं. ती किंचाळत होती, शिव्या देत होती, आणि सुटल्यावर पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसली. हे बघून मारणारे बिथरले. पळणाऱ्याला मारायची त्यांना सवय होती. बसून राहणाऱ्याचं काय करायचं हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, म्हणून ते जास्तच जोरात मारत होते.

सुधीरच्या मानेवर, पाठीवर घाव बसत होते. गंगूला मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक घावाला ती मनात म्हणत होती, बस बाबा, बसून ऱ्हा.

मग भिवाजी स्वतः पुढं आला आणि त्यानं हॉकीची काठी गंगूच्या डाव्या खांद्यावर घातली. ती तोंडावर पालथी पडली. तोंडात माती गेली. पदर कुठल्या कुठं गेला आणि तिची पाठ उघडी पडली.

"कोयता!" कुणीतरी ओरडलं. "म्हातारीच्या कमरंला कोयता हाय!"

गंगूला आधी कळलंच नाही की कुठल्या म्हातारीबद्दल बोलतायत. मग कळलं. सगळ्या वाडीचे कोयते कणगीत घातले आणि आपण हा मिरवत इथं आणला! आणि आणला तो कुठं, तर सुधीरच्या डोळ्यांपुढं, त्याचा हात सहज पोचेल एवढ्या अंतरावर.

तिला मागं बघता येत नव्हतं. पण कमरेला ओढ बसली. कोयता खाचेतून निघताना लाकडाला घासतो, तो आवाज तिनं जन्मभर ऐकला होता. आता तो दुसऱ्या कुणाच्या हातानं झाला होता. तो हात कुणाचा हे तिला सांगावं लागलं नाही.

ती वळली. कशी वळली, खांदा निखळला असताना, ते तिचं तिलाही पुढं सांगता आलं नाही. सुधीर उठून उभा राहत होता. हात वर चालला होता. समोर भिवाजी होता, त्याची काठी खाली होती, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते गंगूनं लहानपणच्या भिवाजीच्या तोंडावरही कधी पाहिलं नव्हतं. तो नुसता घाबरला होता. गंगूनं उजवा हात घातला आणि हाताला आलं ते धरलं. हाताला आलं ते पातं.

"सोड, आये!" सुधीर ओरडला.

"न्हाई."

"सोड म्हनतो!"

"तू सोड. न्हाईतर ओढ. ओढ की! माझी बोटं तुटल्याबिगर त्यो तुझ्या हाताला लागायचा न्हाई."

त्यानं ओढलं. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एकदा त्यानं ओढलं. दोनच दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच लावलेली धार होती. गंगूची मूठ उघडली नाही. मुठीतून रक्ताची धार तिच्या कोपरापर्यंत आली आणि तिथून वाटेच्या मातीत पडू लागली. ती ओरडली नाही, रडतही नव्हती. ती फक्त त्याच्याकडं बघत होती, आणि बघता बघता सुधीरच्या हातातली ताकद गेली. त्यानं मूठ सोडली आणि खाली बसला. नुसता बसला नाही, कोसळला, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला.

"अरे मर जाएगी बुढ़िया," भिवाजीच्या माणसांतला एकजण म्हणाला. त्यानं हातातली काठी टाकली आणि गळ्यातला गमछा काढून गंगूच्या हाताला बांधायला बसला. बाकीचे उभे राहिले. एकानं काठी गाडीत नेऊन ठेवली. भिवाजीनं त्यांना शिव्या दिल्या, "चला, मारा," म्हणाला. कुणी हाललं नाही. जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेत झऱ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. ते सबंध वेळ तिथं वाहतच होतं.

पोलीस आले आणि आधी कोयता जप्त केला. गुन्हा गंगूवर दाखल झाला, हत्यार बाळगल्याचा. फौजदारानं विचारलं, कशासाठी आणलावतास? गंगूनं सांगितलं, इसरले. फौजदाराला ते खरं वाटलं नाही. शहरातल्या माणसाला कसं वाटावं?

तहसीलदार आले तेव्हा वाट जागेवर होती. मातीत काळे पडलेले डागही होते. धम्मदीपानं मोबाइलमधलं चित्रण दाखवलं. साहेबांनी ते पुरतं पाहिलंही नाही, मधेच परत दिलं. वाट खुली ठेवण्याचा आदेश झाला. कोंडीबाच्या पायाची आणि राणीच्या दातांची केस उभी राहिली. गंगूची उजवी मूठ मात्र आता पुरती उघडत नाही आणि पुरती मिटतही नाही. सकाळी आकडी कोंडीबा तिला खाटेवर बसूनच बांधून देतो. आधी रिकामी बांधायचा. आता स्वतःचा कोयताही तीत अडकवतो, कारण सरपणाला दुसरा कोण जाणार?

आदेशानंतर थोड्याच दिवसांनी गंगू एकटीच झऱ्यावर गेली. फाटक उघडं होतं. झऱ्याशेजारी जामिनावर सुटलेला भिवाजी दगडावर बसला होता. शेठनं त्याला कामावरून काढलं होतं म्हणतात, पण तो तिथंच यायचा. गंगूनं हंडा भरला. तो काठापर्यंत आणला आणि डोक्यावर घ्यायला गेली, तर उजव्या हाताची बोटं वळेनात. हंडा दोनदा घसरला.

"मावशे," भिवाजी म्हणाला, "त्यो कोयता तू माझ्यासाठीच आनलावतास नव्हं?"

"न्हाई. इसरले हुते."

"खरं सांग."

"खरंच इसरले."

भिवाजीनं तिच्या न वळणाऱ्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाला, "पर धरलास कशाला? माझ्यावानी मानसासाठी?"

गंगूनं त्याच्याकडं बघितलं. या माणसानं कोंडीबाचा पाय दोनदा मोडला होता, आणि कोर्टात उभं राहून ती हे सांगणार होती, एक शब्द कमी न करता.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुझा मला काय पुळका? माझा पोरगा वाचवाया धरला."

"तरी वाचलो मीच की."

"व्हय," गंगू म्हणाली. तिनं यावर पुष्कळ विचार केला होता, हात ठणकत असताना रात्र-रात्र. "त्येला इलाज न्हवता. पोराला वाचवायचा तर तुलाबी वाचवावं लागत हुतं. येकाला सोडून दुसऱ्याला काढता येत न्हवतं."

भिवाजीनं मान खाली घातली. झऱ्याचं पाणी हंड्याच्या तळाशी लागून वाहत होतं. ऊन वाढत होतं, वाडी चढावर होती आणि घरी कोंडीबा पाण्यासाठी खोळंबला होता.

"बघतुयास काय नुसता?" गंगू म्हणाली. "हंड्याला हात लाव."

तो उठला. आला. त्यानं वाकून हंड्याला हात लावला, आणि गंगूनं हंडा डोक्यावर घेतला.